बरडावरचा नवस

झाड लावायला काही लागत नाही. खड्डा खणला, रोप ठेवलं, माती लोटली, झालं. कोणीही लावतं. माझी नात शेगावच्या शाळेत दर पावसाळ्यात लावते, गळ्यात हिरवा रुमाल बांधून, आणि घरी येऊन मला हवामानबदल समजावून सांगते. पृथ्वी तापत चाललीय, आजी, आता झाडंच आपल्याला वाचवतील. मी म्हणते, हो बाई, वाचवतील. मग विचारते, गेल्या वर्षी लावलेलं कुठाय? यावर ती माझ्याकडे अशी बघते की जणू म्हातारीला काही कळत नाही. झाडं लावणारे मी आयुष्यभर पाहिले. जगवणारे फार थोडे पाहिले, आणि त्यांचे काय हाल होतात तेही पाहिलं, कारण त्यांतली एक मी होते.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या बाजूनं गाडीवाटेनं यायचं. गावाच्या डोक्यावर बरड होतं. बरड म्हणजे उघडी टेकाड जमीन, मुरुम आणि दगड, नांगर चालत नाही अशी. खाली ओढ्याच्या काठाला आमचा भाजीपाल्याचा मळा. बाबा वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार लावायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला पुण्याच्या एका बाईंना समजावून सांगताना नाकी नऊ आले होते. पहाटे जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरीनं. मग बाबांची बैलांना हाक, मग थारोळ्यात धबकन पडणारं पाणी, आणि या सगळ्याखाली मायच्या भाकरी थापण्याचा एकसारखा आवाज. न्याहारीला ज्वारीची भाकर, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल. आमच्या भरितात मिरची इतकी असायची की पाहुणा जेवता जेवता गप्प व्हायचा. माय हसायची आणि त्याच्या ताटात आणखी वाढायची. ती फार बोलणारी बाई नव्हती. जे काय सांगायचं ते वाढण्यातून सांगायची.

त्या वर्षांत आणखी एक आवाज आमच्या दुपारीत येऊन बसला होता. शेजारच्या गावची टेकडी नव्या सडकेच्या खडीसाठी फोडायला घेतली होती. जेवायच्या वेळी सुरुंग उडायचा. पितळेची भांडी फळीवर थरथरायची, बैल कान टवकारायचे. ती टेकडी संपत आली होती आणि खदानवाल्याचा डोळा आमच्या बरडावर होता. त्याची माणसं दोनदा येऊन चुन्याच्या खुणा करून गेली होती. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. बरड काय, पडून तर आहे, असं सगळे म्हणायचे. मला वाटत होतं. शाळेला जायची आमची वाट बरडावरूनच होती, आणि चैत्रात त्या दगडांवरून अनवाणी चालताना टाचा भाजायच्या. तिथं सावली असावी असं मला वाटायचं, दगडाची खडी व्हावी असं नाही. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं.

झाडं लागत नव्हती असं नाही. दर वर्षी वनमहोत्सव व्हायचा. तालुक्याहून साहेब यायचे, जीपमधून कडुनिंबाची, करंजाची आणि सीताफळाची रोपं उतरायची, आम्हा पोरांना रांगेत उभं करायचे. साहेब म्हणायचे, झाडं ढगांना ओढून आणतात; आम्ही टाळ्या वाजवायचो. चहा व्हायचा. दिवाळीपर्यंत रोपांची काडी व्हायची, संक्रांतीपर्यंत तीही चुलीत जायची. पुढच्या वर्षी साहेब यायचे तेव्हा सरपंच मोठ्या अभिमानानं सांगायचे की खड्डे तयारच आहेत. आणि खरंच असायचे, कारण ते गेल्या वर्षीचेच असायचे. मला आठवतं तसं गावातल्या एका पिढीनं त्याच खड्ड्यांत झाडं लावली. आज कोणी झाडं लावल्याचा फोटो दाखवला की मला आधी तो खड्डा जुना आहे का नवा, हेच बघावंसं वाटतं.

त्या वर्षी आम्ही काही जणांनी ठरवलं की यंदाची मरू द्यायची नाहीत. आम्ही म्हणजे माझ्या वर्गातल्या दोन मुली, गल्लीतली चार-पाच पोरं, आणि आमचा म्होरक्या देविदास. देविदास माझा चुलतभाऊ, मॅट्रिकला आपटलेला, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं त्याहून. चावडीवर बरड खदानीला द्यायची चर्चा चालू होती तिथं तो सरळ उठून उभा राहिला.

"आबा, बरड देऊ नोका. आम्ही झाडं जगवून दाखवतो."

सरपंच आबा हसले. "किती वर्सं झाली लावून राह्यले बे. जगलं का एखादं?"

मी दाराशी उभी होते. पोरींनी चावडीत बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण तोंडातून गेलंच. "कोनं पानी घातलं का कधी, आबा? मंग कसं जगन?"

सगळी पागोटी आणि टोप्या माझ्याकडे वळल्या. "कोनाची पोर हे?" "शंकर माळ्याची वच्छी." आबांनी मिशीवरून हात फिरवला. "ठीक हाय पोराहो. पुढच्या मिरगाले मी सोता बरडावर येतो. झाडं उभी दिसली तर बरड झाडाईचं. नाही दिसली तर खदानवाल्याचं. मंग माह्यापुढं रडायचं नाही."

एवढी साधी गोष्ट होती. मृगापर्यंत झाडं उभी ठेवायची. मला तेव्हा वाटलं, यात काय कठीण आहे?

पावसाळा संपला तशी आम्ही पाण्याची पाळी लावली. मी आणि मैत्रिणी डोक्यावर घागरी, पोरं कावडीनं. पाणी आमच्याच विहिरीचं, म्हणजे बाबांच्या डोळ्यांसमोरून जाणारं. "माह्या वांग्याले पानी पुरून नाही राह्यलं आन तू दगडाईले पाजून राह्यली," ते म्हणायचे. पुढे पुढे ते मोट सुटायच्या आधीच दोर काढून ठेवायला लागले. मग आम्ही ओढ्यातला झरा उकरला. कुंपणाला बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या आणल्या, हात रक्तबंबाळ करून रोपांभोवती लावल्या. आठवड्यात निम्मी बोराटी लोकांच्या परसाला गेली. ज्यांच्या परसाला गेली त्यांच्या दारात जाऊन मी भांडले. एक काकू म्हणाली, "बरडावर पडूनच होती ना व पोरी?" आणि उघड्या पडलेल्या रोपांवर बकऱ्या. बकऱ्या राखणारा नथ्थू दगडावर बसून बिडी ओढायचा. त्याला ओरडून सांगितलं तर म्हणायचा, "मी हाकलतो व माय, पन तिले समजत नाही." तो बिडी संपल्याशिवाय उठत नसे. संताप संताप व्हायचा. एकदा मी रडत घरी आले, आणि मायनं काही न विचारता माझ्यापुढे भाकर ठेवली.

देविदासला युक्ती सुचली ती त्याच सुमाराला. गाव मोताळ्याच्या बाजाराला गेलेलं होतं. त्यानं एका टोपल्यात गोटे आणले, तेलात शेंदूर कालवला, आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक शेंदरी देव बसवत गेला. "पाह्यतो आता कोन चारते बकऱ्या," तो म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी नथ्थू बरडाच्या कडेपर्यंत आला, थांबला, चपला काढल्या, हात जोडले, आणि बकऱ्या घेऊन ओढ्याकडे वळला. त्या दिवसापासून बरडावर बकरीचं खूर उमटलं नाही. बोराटी चोरीला गेली नाही. एका टोपलीभर गोट्यांनी जे केलं ते आमच्या सगळ्या आरडाओरड्यानं झालं नव्हतं, आणि याचा मला आनंद व्हावा की राग यावा हे कळेना.

रागाची पाळी लवकरच आली. शनिवारी बायका बरडावर तेल घेऊन आल्या. पुढच्या शनिवारी नारळ. कोणीतरी बोटाएवढ्या कडुनिंबाला दोरा गुंडाळून त्याला पार वाकवलं. एकाचा हरवलेला गोऱ्हा सापडला, झालं, देव जागृत ठरला. आम्ही पाण्याच्या घागरी घेऊन जायचो तर बायका रोपांच्या बुडात तेल ओतत असायच्या. मी एकीला म्हटलं, "काकू, तेल नोका घालू, देवाले पानी घाला. एकेक तांब्या आना." ती माझ्याकडे दयेनं बघत म्हणाली, "शेंदराचा देव हाय व हा, याले तेलच लागते. पानी महादेवाले." आता हिला काय सांगणार? देव खोटा आहे म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बकऱ्या हजर. खरा आहे म्हटलं तर तेल. आमचं तोंड शिवल्यासारखं झालं. देविदास तेलकट माती खरवडून नवी टाकायचा आणि देवांना शिव्या घालायचा, तेही कोणी ऐकत नाही हे बघून.

तरी झाडं जगली. सगळी नाहीत, पण बरीच जगली. हिवाळा काढला, उन्हाळ्यात पानं गळली आणि परत फुटली. करंज माझ्या कमरेला लागले. वैशाखात, जेव्हा बाबांची मिरचीही माना टाकत होती, तेव्हा बरडावर लांबून हिरवे ठिपके दिसायचे, आणि मी शाळेतून येताना मुद्दाम थांबून ते बघायचे. आणखी एक गोष्ट त्या वर्षी बरडावर झाली, पण तिच्याकडे आमचं कोणाचंच लक्ष गेलं नाही. बकऱ्या येत नव्हत्या म्हणून गवत वाढलं होतं. जन्मात पहिल्यांदा बरडावर गुडघाभर गवत उभं राहिलं होतं, आणि उन्हानं ते वाळून कडकडीत झालं होतं.

मृग चार दिवसांवर आला तेव्हा मायनं सांगितलं की तिला बरडावर रोडगे करायचे आहेत. आमच्याकडे नवस फेडायचा तो रोडग्यांनी. गव्हाच्या जाडसर पिठाचे जाड गोळे उघड्यावर गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात कुस्करायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, आणि पंगत. हा स्वयंपाक देवाच्या ठिकाणीच करावा लागतो, घरी करून चालत नाही. मी विचारलं, कसला नवस? ती पीठ चाळता चाळता म्हणाली, "तुही झाडं मिरगापर्यंत जगू दे म्हून बोलली होती मी. आता जगलीच ना व. पानी पडलं की मंग गवऱ्या पेटत नाहीत, म्हून आताच करून घेऊ." वर्षभरात तिनं झाडांबद्दल एक शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही बरडावर होतो. बाबासुद्धा आले होते, टोपलीभर वांगी घेऊन, तोंड वाकडं करून पण आले होते. बायकांनी करंजांच्या ओळीजवळच सपाट जागा बघितली, नेहमी बघतात तशी. बरडावर जाळ करताना कोणी कधी विचार केला नव्हता, कारण तिथं जळण्यासारखं कधी काही नव्हतंच. गवऱ्यांची रास पेटली, निखारे झाले, मायनं रोडगे आत लोटले. भाजलेल्या गव्हाचा वास सुटला. भांड्यात वरण उकळत होतं, वांग्याच्या भाजीत तेल वर आलं होतं. देविदास एका गोट्याला हात जोडून म्हणाला, "देवा, तूच पावला बे," आणि आम्ही पुन्हा हसलो. मी पळसाच्या पत्रावळी मांडत होते.

वावटळ आली ती ओढ्याकडून. ज्येष्ठात येतात तशीच, लहानशी, पाचोळा फिरवणारी. ती राशीवरून गेली आणि गवरीचे पेटते तुकडे घेऊन गवतात उतरली. आधी नुसता तडतड आवाज आला. माय ओरडली, "पोराहो, विझवा!" देविदासनं अंगरखा काढून आपटायला सुरुवात केली. बाबांनी वरणाचं भांडं उचलून तसंच आगीवर ओतलं. मी प्यायच्या पाण्याची घागर ओतली, दुसरी ओतली, तिसरी नव्हती. आग गवताच्या उंचीची होती, माणसाच्या उंचीचीही नाही, पण ती पळत होती आणि आम्ही तिच्या मागे होतो. करंजांची पानं आधी आखडली, मग पेटली. तेल प्यालेल्या मातीवर ज्वाळा जास्त वेळ टिकल्या. सीताफळांच्या ओळीपाशी देविदास आगीला आडवा गेला, त्याचे हात भाजले, ती ओळही गेली. आग चुन्याच्या खुणांपर्यंत जाऊन, पुढे नुसता दगड लागला तेव्हा आपोआप थांबली.

सगळीकडे काळं झालं होतं आणि त्यात जागोजागी गोटे दिसत होते, कोणाच्या शेंदराला काळी झाक आलेली, कोणाचा तसाच लाल. मी एका जळक्या काडीला हात लावला, ती माझ्या हातात आली. मला मोठ्यानं ओरडायचं होतं. पण कोणावर?

मृगाला आबा शब्दाप्रमाणे आले. बरोबर खदानवाला, त्याची सुरुंग लावणारी माणसं, आणि अर्धं गाव. आबांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "झाडं काही दिसत नाहीत पोराहो." आम्ही मान खाली घालून उभे. तेवढ्यात सुरुंगवाल्यांचा म्होरक्या पुढे गेला, गोट्यांसमोर वाकला आणि खदानवाल्याला म्हणाला, "मालक, हे देवाचं ठिकान हाय. मी इथं पहार लावनार नाही. एवढी आग आली आन देवाईले काही झालं नाही, तुमी पाह्यता ना?" गावकऱ्यांत कुजबूज झाली. तासाभरात ठरलं की बरड देवाचं, खदान दुसरीकडे. आबांनी स्वतः नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "बरड वाचलं ना पोरी? मंग तोंड काऊन पाडून राह्यली?"

मी दोन वर्षांपूर्वी तिथं गेले होते. फरशी बसवलेला ओटा आहे, वर पत्र्याचा मंडप, भोंगा, चपला ठेवायला कट्टा. झाड एकही नाही. उन्हाच्या वेळी लोक पत्र्याखाली बसतात आणि वर बघून म्हणतात, काय गरम होऊन राह्यलं. माझी नात सोबत होती. ती म्हणाली, आजी, इथं झाडं लावायला पाहिजेत. मी तिला म्हटलं, चल, उशीर होतोय.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे, नारळ फुटला त्या दिवसाचं. आग लागल्यापासून माय नीट जेवत नव्हती. सगळ्यांना वाढायची आणि स्वतः ताटाशी नुसती बसायची. विचारलं तर एवढंच म्हणायची, "माह्या हातानं झालं." मला वाटलं, देव कोपला असं हिच्या डोक्यात बसलंय, नवसात काही चुकलं म्हणून झुरतेय. ते मला सहन होईना. बरड आता वाचलंच होतं, खरं बोलायला भ्यायचं कारण उरलं नव्हतं. मी चुलीजवळ तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. "माय, तो देव नाही. देविदासनं ओढ्यातले गोटे आनून शेंदूर फासला. बकऱ्याईसाठी. आमी सगळे होतो. कोनी कोपलं नाही, तू जेव."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माहीत हाय मले."

"काय माहीत हाय?"

"सगळ्या गावाले माहीत हाय व. बाजाराच्या एका दिवसात एवढे देव कुठं निंगतात का?"

वर्षभर आम्ही ते गुपित जपलं होतं. तेल ओतणाऱ्या बायकांसमोर दात-ओठ खात गप्प बसलो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माहीत होतं तर मंग नवस काऊन केला व?" मी ओरडलेच. "गोट्यांले नवस करते का कोनी?"

माय चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "मंग कोनाले करू? तुह्या बाबानं पानी देलं नाही. सरपंचानं टिंगल केली. तू उन्हात मरून राह्यली होती अन् मले घरचं सोडून येता येत नव्हतं. तुह्या झाडाईजवळ दिवसरात्र उभं राहाले तेवढेच होते. म्या म्हटलं, त्याईलेच सांगून ठेवू."

मग तिनं स्वतःसमोरचं ताट माझ्याकडे सरकवलं, आणि मी ते तिच्याकडे परत सरकवलं. आम्ही दोघी बराच वेळ जेवलो नाही.